सातव्या पेटीतला भुसा

सकाळी आठ वाजता आमचं पहिलं काम म्हणजे हाताला वास लावायचा. बाकानास गावाजवळच्या आमच्या संशोधन केंद्रात बारा पेट्या होत्या. प्रत्येक पेटीत उंदरांचं एक कुटुंब. ज्या पेटीत हात घालायचा तिच्यातला मूठभर भुसा आधी तळव्यांवर चोळायचा, मग हात आत. हे उंदीर जमिनीखाली राहणारे. डोळे नावापुरते, दात मात्र ओठांच्या बाहेर. आपला कोण आणि परका कोण हे त्यांना वासावरूनच कळतं, आणि परक्याला ते जिवंत सोडत नाहीत. एका पेटीचा वास घेऊन दुसरीत हात घातला तर बोटाचं मांस जातं. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याची खूण अजून आहे.

मी कुल्याश, तिथली प्रयोगशाळा सहायक. अकरा वर्षं मी एवढंच केलं: घड्याळ लावून बसायचं, कोणी कोणाला किती सेकंद हुंगलं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. बुवाबाजी, जादूटोणा यांचा मला पहिल्यापासून तिटकारा. इथेही मी पाहिलं तेवढंच सांगणार आहे.

आमचे संचालक बेकेन झुनुसोविच मेंदूतल्या संप्रेरकांवर काम करत. उंदराने उंदराला हुंगलं की मेंदूत एक संप्रेरक पाझरतं आणि ओळख पक्की होते. ते अडवणारं औषध साहेब सातव्या पेटीला टोचत. त्या पेटीत कोणी कोणाला ओळखत नसे. नर स्वतःच्या मादीला दर वेळी नव्याने हुंगे, आणि सख्खी बहीण भावाच्या मानेत दात रोवून मोकळी होई. साहेबांना या पेटीचं फार कौतुक. कोणी पाहुणा आला की आधी तिच्यापुढे नेऊन उभा करत.

हे उंदीर पकडून आणायचा माझा धाकटा भाऊ तुलेगेन. सोव्हिएत राज्य मोडल्यापासून नवी भरती बंद होती, म्हणून साहेबांनी त्याला हजेरीपटावर न घेताच कामाला लावलं. बदल्यात पीठ, चहा आणि हिवाळ्याचा कोळसा. वसंतात नाव लावतो, असं ते म्हणत. असे तीन वसंत गेले. साहेब आमच्याकडे जेवायलाही येत. मानाच्या पाहुण्यापुढे मेंढीचं शिजवलेलं डोकं ठेवायचं आणि त्याने कान कापून घरातल्या धाकट्याला द्यायचा, ही आमची रीत. साहेबांनी माझ्या डोळ्यांदेखत तो कान तुलेगेनच्या हातावर ठेवला आणि हसून म्हणाले, "माझं ऐकत जा रे." तो ऐकत गेला.

मार्चच्या सुरुवातीला साहेबांना घाईघाईने एक नवं कुटुंब हवं होतं. सकाळपासून आभाळ पिवळट दिसत होतं. तुलेगेन म्हणाला, उद्या जातो. साहेबांनी स्वतः ट्रक काढला, त्याला टेकाडांपाशी सोडलं आणि संध्याकाळी न्यायला येतो म्हणून सांगितलं. दुपारी हिमवादळ सुटलं. साहेब घरी बसून राहिले. चौथ्या दिवशी भाऊ सापडला, सापळ्यांच्या पोत्यावर डोकं टेकलेला.

जिल्ह्याहून चौकशीला माणूस आला तेव्हा साहेबांनी हजेरीपट उघडून त्याच्यापुढे सरकवला. "या नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता," ते म्हणाले. "मी त्याला ओळखत नाही." मी तिथेच उभी होते. आई दाराशी होती. माझ्या भावाच्या नावापुढे लिहिलं गेलं: भटका.

तेव्हापासून आईचं एकच मागणं होतं. त्या माणसाने चारचौघांत एकदा म्हणावं, की तुलेगेन माझा माणूस होता. बाकी तिला काही नको होतं. मला हवं होतं. मला त्याचं रक्त हवं होतं, उगाच खोटं कशाला बोलू?

एप्रिलमध्ये दोन पाहुणे आले. साहेब त्यांच्यासमोर चौथ्या पेटीत हात घालून दाखवणार होते. त्याआधी मी सातव्या पेटीतला भुसा घेतला आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाह्यांवर आणि कॉलरवर घासून घासून जिरवला. चौथ्या पेटीने त्यांचा हात फोडावा, एवढाच माझा बेत होता.

साहेबांनी हात आत घातला. मी घड्याळ सुरू केलं. मोठा नर बिळातून बाहेर आला, थेट मनगटापर्यंत गेला, हातावर चढला आणि पलीकडे उतरून चालू लागला. ढेकळावरून चालतात तसा. मागून दुसरा आला, तोही तसाच गेला. एका मादीने साहेबांच्या तळव्याखालची माती उकरून बोटांवर लोटायला सुरुवात केली. कोणी चावलं नाही. कोणी हुंगलंसुद्धा नाही. मी वहीत शून्य लिहिलं. अकरा वर्षांत त्या रकान्यात मी शून्य कधी लिहिलं नव्हतं. मेलेल्या उंदरालाही ते एकदा हुंगतात.

"बघितलंत?" साहेब पाहुण्यांना म्हणाले. "किती माणसाळलेत."

चार दिवसांनी फाटकापाशी मी आणखी एक गोष्ट पाहिली. तिथली कुत्री साऱ्या जगावर भुंकायची आणि साहेब दिसले की पोटावर सरपटत यायची. त्या दिवशी ती वाटेत आडवी पडली होती. साहेब तिला ओलांडून गेले तरी तिचा कान हलला नाही. मी मागून गेले तेव्हा ती उठून शेपटी हलवू लागली.

मग पहारेकरी सेर्गाझीकाका. वीस वर्षं साहेबांना सलाम ठोकलेला माणूस. "कोणाकडे जायचंय, पाव्हणं?" त्यांनी विचारलं. साहेबांना ती थट्टा वाटली, ते खवळले. काकांनी तितक्याच अदबीने पुन्हा विचारलं. मी पुढे होऊन सांगितलं, काका, हे आपले साहेब. काका शरमले, फाटक उघडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, शब्द न शब्द तोच.

तो कोट मी सोड्याच्या पाण्यात उकळायला हवा होता. मी त्याला इस्त्री केली आणि खुंटीला लावला.

मे महिन्यात साहेब दाढी न करता कामावर येऊ लागले. मीच विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. सकाळी चहाच्या वेळी त्यांची बायको, राय्हानवहिनी, किटली घेऊन उभी राहिली. त्यांच्याकडे पाहून तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि विचारलं, तुम्ही कोणाची वाट बघताय? एवढं सांगून ते हसले. त्याच आठवड्यात राजधानीतून पत्र आलं: केंद्राच्या संचालकाची जागा बरेच दिवस रिकामी आहे, नवे गृहस्थ सोमवारी रुजू होतील.

सोमवारी दुपारी साहेब पेट्यांच्या खोलीत आले. मी सातवीपुढे बसले होते. आत कमालीची शांतता होती. आई, बाप, पोरं एकमेकांवरून ये-जा करत होती आणि कोणी कोणाला चावत नव्हतं.

"कुल्याश, तू तरी ओळखतेस ना मला?"

"ओळखते की, बेकेन झुनुसोविच."

ते स्टुलावर बसले आणि पोरासारखे रडले. स्वतःचं नाव किती दिवसांनी ऐकलं, म्हणाले. त्यांच्या मानेवर नखांचे ओरखडे होते. वास जात नाही, म्हणाले. कसला वास ते मी विचारलं नाही.

मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. "लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. तुलेगेन तीन वर्षं माझ्या हाताखाली कामाला होता. त्या दिवशी मी त्याला पाठवलं. मी त्याला न्यायला गेलो नाही. खाली सही केली. आई ज्यासाठी जीव धरून होती ते सगळं त्या एका पानावर होतं.

बाहेर गाडी थांबली. नवे संचालक आले होते. सेर्गाझीकाकांनी त्यांना सांगितलं, एक अनोळखी माणूस रोज आत घुसतो. नव्या संचालकांबरोबर जिल्ह्याचा एक पोलीस होता. दोघं खोलीत आले.

"मी इथला संचालक आहे," साहेब म्हणाले. "हिला विचारा. आणि हे बघा, माझ्या सहीचा कागद."

पोलिसाने कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. "बाई, कोणाची सही आहे ही? तुम्ही ओळखता यांना?"

मी हो म्हणाले असते तर तो कागद खरा ठरला असता.

साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं. आता मी हो म्हणणार, याची त्यांना खात्री होती.

ते हसू मला सोसलं नाही.

"या नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता," मी म्हणाले. "मी त्याला ओळखत नाही."

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी फक्त स्वतःचे हात नाकाजवळ नेले आणि हुंगले. पोलिसाने त्यांचा दंड धरला. तो कागद त्याने चुरगळून भुशाच्या बादलीत टाकला. सगळे गेल्यावर मी तो बाहेर काढला आणि सरळ केला. कागद पूर्ण कोरा होता.

मी पायी घरी आले. वाटेत मला हलकं हलकं वाटत होतं. मी गुणगुणतसुद्धा होते.

शुक्रवार आला. शुक्रवारी आमच्याकडे तेलात सात पोळ्या तळतात. तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणतात. आई चुलीपाशी बसली होती. एकेक पोळी तेलात सोडायची आणि एकेकाचं नाव घ्यायची. तिचे सासरे. सासू. माझे वडील. गोवरात गेलेली माझी मोठी बहीण. तिचा आवाज शांत होता. कित्येक महिन्यांत तो इतका शांत नव्हता. मला वाटलं, तिला सगळं कळलंय.

बहिणीच्या नावानंतर तिने उरलेल्या पोळ्या मुकाट्याने तळल्या, कढई उतरवली आणि हात पुसले.

"आई," मी म्हणाले, "आणि तुलेगेन?"

तिने मान वर करून मायेने माझ्याकडे पाहिलं.

"घेते की त्याचंही नाव," ती म्हणाली. "कोणाचा गं मुलगा तो?"