पल्याड म्हणजे कोण?

अल्याड

"पल्याडच्यायनंच केलं हे," शालिक म्हणाला. "दवंडी आइकली नाई काय तू?"

शकुननं ऐकली होती. पैनगंगेच्या या काठाला वऱ्हाड, त्या काठाला निजामाचं राज्य. उन्हाळ्यात नदी आटली की सगळे मासे मधल्या डोहात गोळा होत. तेच मेले, तर पुढं दोन्ही काठांना मासा दिसायचा नाही. म्हणून दोन्ही सरकारांनी मिळून बंदी घातली होती. नत्थुजी कोतवालानं डफडं बडवून सांगितलं होतं: पल्याडच्या काठावरून कोणी मासे मारू नये!

तरी आज डोहात मेलेले मासे तरंगत होते. शकुन आणि तिचा चुलतभाऊ शालिक चोर धरायला वाळू तुडवत निघाले.

पल्याड

एक पोरगा जिवंत मासे मडक्यात भरून झऱ्याच्या डबक्यात सोडत होता. त्याचं नाव हणमंतू.

"सापडला चोर," शालिक म्हणाला.

"चोर तुम्ही. आमच्यातबी दवंडी झाली. पल्याडच्या काठावरून मारायचे नाहीत. पल्याड म्हंजे तुम्ही."

"पल्याड म्हंजे तुमी!"

शकुनला हसू आलं. तेवढ्यात पाण्याच्या फेसात तिला हिंगणाची टरफलं दिसली. हिंगणाची फळं ठेचून टाकली की मासे मरतात.

"तुमच्याकडे हिंगण हाय?"

"एकबी न्हाई."

शालिकनं शकुनकडे पाहिलं. अल्याडच्या शिवारात हिंगणाचं झाड एकच होतं, शकुनच्या वांग्याच्या वाडीच्या बांधावर.

अल्याड (की पल्याड?)

"मीच ठेचलं," शकुनचे वडील किसनराव सहज म्हणाले. "आपल्याले कुठं बंदी हाय? ते पल्याडच्यायले."

"बा, त्या पोराच्या काठावरून पाह्यलं, तर पल्याडचे आपुनच आहो."

किसनरावांचा खुरपं धरलेला हात थांबला.

मधोमध

संध्याकाळी दोन्हीकडचे तहसीलदार चौकशीला वाळूत आले. अल्याडची माणसं हणमंतूच्या गावाकडे बोट दाखवू लागली. हणमंतू मडकं धरून शकुनकडे बघत होता.

"हिंगण आमच्या बांधावरचं हाय," शकुन म्हणाली. तिनं बापाकडे पाहिलं नाही. "अन् दवंडीतला शब्द बदला. पल्याड नका म्हणू. आपल्या काठावरून, म्हणा."

"शाब्बास, पोरी!" दोन्ही तहसीलदार म्हणाले. पाठीवर थाप पडली, तशी तिची मान आणखी खाली गेली.

वर पाहिलं तेव्हा किसनराव गुडघाभर पाण्यात उभे होते. हणमंतूच्या मडक्यात एकेक जिवंत मासा सोडत होते.

काठावर डफडं वाजलं: आपल्या काठावरून कोणी मासे मारू नये!

"नत्थू," किसनराव वर न बघता म्हणाले, "माह्या घरासमोर दोनदा म्हण."