तळाशी गेलेला थेंब

उमरग्याच्या मार्केट यार्डात त्या सकाळी रक्तदान शिबिर होतं. हर्षाली रक्तपेढीत तंत्रज्ञ. येणाऱ्याच्या बोटाला टोचून पहिला थेंब तपासायचं काम तिच्याकडं होतं. रांगेत तिचे वडीलही आले. आण्णासाहेब, हमालांच्या टोळीचे मुकादम, वय चौपन्न.

निळ्या द्रावणात थेंब तरंगला तर रक्त कमी, बुडाला तर पुरेसं. आण्णांचा थेंब सोडताक्षणी छऱ्यासारखा तळाशी गेला.

"आण्णा, रक्त हाय का शिसं?" हर्षाली हसली.

मग तिनं रजिस्टर चाळलं. दोन महिन्यांपूर्वीच त्यांनी रक्त दिलं होतं. मध्ये तीन महिने जावे लागतात.

"पुढच्या महिन्यात या."

"घे की," आण्णा म्हणाले. "ह्या टायमाला तुझ्याच हातानं घे."

मागच्या कोणीतरी, मुकादमाला दानाची लई हौस, असा टोमणा मारला आणि रांग हसली. आण्णा सावलीत उभे होते, तरी उन्हातून आल्यासारखा त्यांचा चेहरा लालबुंद होता. हर्षालीनं त्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला. उपरण्यानं कानशील दाबत ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोत्यांची थप्पी लावताना ते कोसळले. मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ अडकली होती. सोलापूरला नेईपर्यंत सगळं संपलं.

तिथल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला होता, "हे इंजेक्शनं घेत होते का?" दोन्ही कुल्ल्यांवर सुयांच्या खुणा होत्या. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, नेमक्या अंतरानं. एकही चिघळलेली नव्हती.

हर्षाली नाही म्हणाली होती. तिला खरंच माहीत नव्हतं.

तेराव्यानंतर ती बुद्धघोष बनसोडेकडं गेली. विमा कंपन्यांसाठी चौकशा करता करता तो खासगी तपास घेऊ लागला होता. त्याच्यासोबत कोंडिबा असायचा, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. प्रत्येक गावचा थांबा त्याला पाठ होता, पण समोरची गोष्ट उशिरा दिसायची.

"माझ्या वडिलांना कुणी टोचलं, तेवढं शोधा," ती म्हणाली. "तो हात मला बघायचा आहे."

बुद्धघोषनं घर पाहायला मागितलं. आण्णांच्या पत्र्याच्या डब्यात रक्तदात्याची तीन कार्डं निघाली. एक उमरग्याचं, आण्णांच्या नावाचं. दुसरं लोहाऱ्याचं, शंभूच्या नावाचं. तिसरं अणदूरचं, मल्लिनाथच्या नावाचं. दोघंही टोळीतलेच. तिन्हींवर गट एकच, बी निगेटिव्ह.

"टोळीची कार्डं मुकादमाकडंच राहायची," कोंडिबा म्हणाला.

बुद्धघोष भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत होता. काही तारखांभोवती पेन्सिलीचे गोल होते. हर्षालीला वाटायचं, त्या यार्डाच्या सुट्ट्या असाव्यात. पहिला गोल दिवाळीनंतर महिनाभरानं होता. शेवटचा, ती जिथं बसली होती त्या शिबिराचा. पुढं सगळं कोरं.

"यार्डात डबा तुम्ही न्यायचात?"

"दिवाळीपर्यंत. मग आण्णांनीच नको म्हणून सांगितलं."

"का?"

"विचारलं नाही मी."

शंभू यार्डात भेटला. आण्णांनंतर मुकादमी त्याच्याकडं आली होती आणि हर्षालीचा पहिला संशय त्याच्यावरच होता. बुद्धघोषनं त्याला लोहाऱ्याच्या रक्तदानाबद्दल विचारलं. शंभू चकित झाला. सुई बघूनच त्याला घेरी यायची, हे सगळ्या टोळीला ठाऊक होतं. आण्णांबद्दल तो म्हणाला, की दिवाळीनंतर गड्याला पंचविशीचा जोर चढला होता. खरं तर दिवाळीच्या आधी एकदा त्यांच्या पाठीवरून पोतं सुटलं होतं. पुढं काही सांगायला तो तयार नव्हता.

असा जोर कुठं विकत मिळतो, याची बुद्धघोषनं चौकशी केली. रणधीरची व्यायामशाळा हायवेला होती. आरशासमोर पोरं दंड फुगवत होती. त्यानं आधी कानावर हात ठेवले. मग बुद्धघोषनं औषध निरीक्षकाचं नाव काढताच कबूल केलं, की ताकदीच्या इंजेक्शनांच्या बाटल्या त्यानं दिल्या, पण टोचलं नाही. "मी सांगितलं होतं त्यांना. रक्त घट्ट होतंय, अधूनमधून काढून टाका. आमची पोरं तेच करतात."

शिवकांता आण्णांच्या गल्लीतच राहायची, निवृत्त नर्स. ती दारातच म्हणाली, की आण्णा तिच्याकडं रक्तदाब बघायला यायचे, बस्स. हर्षालीच्या नजरेला तिनं नजर दिली नाही.

दोन दिवसांनी यार्डातल्या लिंबाखाली बुद्धघोषनं सगळ्यांना बोलावलं.

"कार्डांपासून बघू," तो म्हणाला. "बी निगेटिव्ह शंभरात एखाद्याचा. एका टोळीत तिघं? त्यात शंभूनं जन्मात रक्त दिलेलं नाही. म्हणजे तिन्ही नावांनी एकच माणूस देत होता."

"इतकं दान कशापायी?" कोंडिबानं विचारलं.

"दान नव्हतं ते. ताकदीच्या इंजेक्शनांनी रक्त दाट होतं. लाल चेहरा, ठणकणारं डोकं, छऱ्यासारखा बुडलेला थेंब. रणधीरनं अर्धवट अक्कल दिली आणि आण्णा गावोगावची शिबिरं धुंडाळत राहिले. कॅलेंडरवरचे गोल तेच. पण रक्त काढून रक्तदाब उतरत नाही, हृदयावरचा ताणही जात नाही. धोका जागेवरच राहतो, माणसाला फक्त निर्धास्त वाटतं."

मग तो शिवकांताकडं वळला. एकही खूण चिघळली नव्हती, बाजू दरवेळी बदललेली. व्यायामशाळेतल्या पोराचं ते काम नव्हतं.

शिवकांता खाली बसली.

"म्या टोचलं. न्हाय म्हणलं असतं तर तिथं पोरांत बसून एकाच सुईनं घेतलं असतं त्यांनी. दरवेळी नवी सुई वापरली, डोस वाढवू दिला न्हाय. सोडा म्हणून हात जोडले. रक्तदाब एकशे ऐंशी झाला तवा म्हणलं, डॉक्टरकडं चला. तर म्हणले, तपासणीला रक्त हर्षालीच्या हातात जाईल. तिला कळाया नगं."

शेवटच्या गोलानंतर कोरं राहिलेलं कॅलेंडर हर्षालीला आठवलं. दुसरीकडं कुठं शिबिरच उरलं नव्हतं. म्हणून ते तिच्या रांगेत आले होते.

"त्या दिवशी मीच परत पाठवलं त्यांना."

"नियम बरोबर होता," बुद्धघोष म्हणाला. "घेतलं असतं तरी वाचले असते असं डॉक्टरही सांगू शकत नाहीत. रणधीरची तक्रार मी देणार आहे. पण तुम्ही मागितला होता तसा एक हात मला सापडला नाही, ताई." तो शंभूकडं वळला. "एकच राहिलं. चौपन्नाव्या वर्षी त्यांनी हे सुरू का केलं? शंभू, पोतं सुटलं तेव्हा तिथं कोण होतं?"

शंभूनं हर्षालीकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"ह्या डबा घेऊन आल्या व्हत्या. आण्णा गुडघ्यावर पडलेले. ह्यांनी बघितलं अन् पाठ फिरवली. आण्णा त्या रातीला म्हणले, शंभू, पोरीला माझी लाज वाटली रं."

हर्षाली उठली. लिंबाच्या खोडातल्या खिळ्याला आण्णांचा पोती ओढायचा लोखंडी आकडा अजून तसाच टांगलेला होता, मूठ घामानं काळी पडलेली. तिनं मुठीवर हात ठेवला. बाकीचे हळूहळू बाजूला झाले. कोंडिबाला मात्र कळलं नाही, तो तिथंच उभा राहिला. त्यामुळं तिचं बोलणं त्यालाच ऐकू आलं.

"आण्णा, मी पाठ फिरवली ती तुम्हाला लाज वाटू नये म्हणून. मी बघितलं, हे तुम्हाला दिसू नये म्हणून." मग तिनं आकडा खिळ्यावरून खाली घेतला. "थकला असाल तर थकू द्या की. ठेवा ते पोतं खाली."