रिकाम्या डब्याचा नियम

बिनचालकाचा ट्रक दर पंधरवड्याला शेलारवाडीचा चढ चढून यायचा, मीठ, तेल, औषधं उतरवायचा आणि कोकमाची पिंपं भरून न्यायचा. देशभरातल्या अशा सगळ्या ट्रकांचं मिळून एकच डोकं होतं. त्याला 'भरपरत' म्हणत. पूर्वी माल टाकून गाड्या रिकाम्या परतायच्या, आणि त्या वाया गेलेल्या फेरीचा खर्च थेट चहातल्या साखरेपर्यंत चढायचा. भरपरतचा नियम एकच : भरून जायचं, भरून यायचं. देशात स्वस्ताई आली.

नियम मूळचा वाडीतल्या आनंदीआक्कांचा. बारा वर्षांपूर्वी वृंदा केसकर ही शास्त्रज्ञ वाडीत मुक्कामाला होती, तेव्हा तिचा डबा परत देताना आक्कांनी त्यात मूठभर आमसुलं घातली होती. कुणाचं भांडं रिकामं पाठवू नये, एवढंही तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत का, असं वर सुनावलंही होतं. वृंदानं ते वहीत उतरवून घेतलं आणि पुढे भरपरत घडवताना तोच नियम त्यात घातला. तेव्हापासून देश आपल्या स्वयंपाकघरातून चालतो, असं आक्का चारचौघांत सांगत, आणि हरकत घ्यायची कुणाची छाती नव्हती.

यंदा मात्र रातांब्यांना, कोकमाच्या झाडांना, फळच धरलं नाही. ट्रक आला तो वृंदाला घेऊन. तिच्या हातात लाडवांचा डबा होता.

"आक्का, परतीचा माल नसेल, तर पुढच्या खेपेपासून ट्रक बंद."

"एक साल दम धर म्हणावं त्याला. झाडं काय माझं ऐकतात?"

"तो दम धरत नाही, माल शोधतो." वृंदाची मान खाली गेली. "त्याला सापडलाय."

ट्रकचं दार उघडलं. आत पिंपांच्या जागी बावीस खुर्च्या होत्या. वाडीत धडधाकट माणसंही मोजून बावीस. बंदरातल्या कारखान्यांना हात हवे आहेत, वृंदा सांगू लागली. डोंगरावर मीठ चढवण्यापेक्षा मिठाकडे माणूस उतरवणं भरपरतला स्वस्त पडतं. बळजबरी नाही. खेपेला एक जण बसला तरी फेरी भरली.

आक्कांनी लाडू परातीत ओतले. डबा धुतला, पुसला आणि जन्मात पहिल्यांदाच रिकामा परत केला.

"हा असाच ने. आणि तुझा ट्रकही."

वृंदानं फक्त ओट्यावरच्या आक्कांच्या हृदयाच्या गोळ्यांकडे पाहिलं. त्या याच ट्रकनं यायच्या. ते विश्रामनं, आक्कांच्या धाकट्यानं, पाहिलं. आईच्या पाया पडून तो मुकाट्यानं जाऊन खुर्चीवर बसला. आक्का ओरडेपर्यंत दार मिटलं होतं.

पंधरा दिवसांनी ट्रक वेळेवर आला. गोळ्याही आल्या.

आत एकवीस खुर्च्या होत्या.