स्वराजची खुर्ची

दिवाळीत कांद्याचे लिलाव बंद ऱ्हातात आन् मंग एका सकाळी उघडतात, हे नाशकातल्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. त्या सकाळी ललित नेहमीसारखा हापिसात आला, पानी प्याला, आन् काचेच्या केबिनकडं बघून रोजच्यावानी तोंड वाकडं केलं.

केबिनीत स्वराजची खुर्ची व्हती. नुसती खुर्ची. स्वराज गेला, ओझरच्या पुढं हायवेला गाडी घसरली आन् खेळ खलास. पन हापिसाचे मालक रावजीशेठ त्या खुर्चीत कोनाला बसू देईनात. मोबाइलवर कांद्याचा भाव दाखवनारी साइट स्वराजनं बांधलेली. देवळ्यापासनं चांदवडापर्यंत शेतकरी ट्रॅक्टर भरायच्या आधी तिच्यावर भाव बघायचे. ललित त्याच्याच बरोबरीनं कामाला लागलेला, पन काय बिघडलं की ललितनं बिघडवलं, आन् सुधारलं की स्वराजनं सुधारलं. मानूस जळंल नाय तर काय करंल?

दहाव्याला गोदेच्या काठावर कावळा शिवंना, तवा ललित उन्हात उभा राहून मनात म्हनत व्हता, मेल्या, मेल्यावरबी तुझे नखरे. आई बोलली, भाऊ बोलला, बहिनीचं लग्न थाटात करू म्हनाले. कावळा पिंडाजवळ यायचा, मान वाकडी करायचा आन् परत फिरायचा. शेवटी शेठ पुढं झाले. तुझी साइट बंद पडू देनार नाय, म्हनाले, आन् कावळ्यानं पटकन चोच मारली. सगळे रडले. ललितलाबी रडू आलं, पन त्याचं रडू येगळं व्हतं.

तर त्या सकाळी शेठनी ललितला सांगितलं, आज समदा जिल्हा साइटवर तुटून पडनार. संध्याकाळपर्यंत सांभाळलीस तर त्या खुर्चीत तू बस. ललितला आतून गुदगुल्या झाल्या. आन् शेठची पाठ वळते न वळते तोच साइट अडकली.

आता सर्वर म्हंजे काय, तर मागच्या खोलीतलं एक काळं खोकं. जो तो भाव इचारतो, त्याला जबाब द्यायचं काम त्या खोक्याचं. त्याच्या डोक्याला म्हनायचं प्रोसेसर. ते डोकं ऱ्हायलं व्हतं शंभर टक्क्याला टेकून, आन् पंखा असा किंचाळत व्हता, जसं काय कोनी चक्कीत खडे टाकलेत.

ललितला वाटलं, गर्दी झाली. बघितलं तर गर्दी कसली, लिलावाची घंटासुदिक वाजली नव्हती. बाहेरून चार टाळकी आलेली. मंग खोक्याचं डोकं खातंय कोन? त्यानं आत चालनाऱ्या कामांची रांग उघडली. एकच काम समदं डोकं खात व्हतं, आन् त्याच्या पुढं काम लावनाऱ्याचं नाव व्हतं स्वराज.

ललितनं ते दोनदा वाचलं. कारन ते नाव खोक्यातनं त्यानंच पुसलेलं. दहावा झाला त्याच दिवशी, घाईघाईनं, कोन बघत नाय ते बघून.

त्यानं ते काम मारलं, म्हंजे मधेच बंद पाडलं. आकडा पडला, पंखा गप झाला... आन् परत चढला. परत मारलं, परत चढला. खोकं बंद करून चालू केलं. तेच. शेवटी त्यानं नेटची वायरच उपटली. आता बाहेरचं कोनी काय इचारूच शकत नाय. तरी आकडा शंभरावरच. वायर ललितच्या हातात, आन् खोकं कोनाला तरी जबाब देतंच ऱ्हायलं.

खोली एसीनं गार पडलेली. खोक्याच्या पाठीमागनं मात्र गरम वारा येत व्हता, आन् त्या वाऱ्याला लवंगेचा वास व्हता. स्वराजच्या गालात कायम लवंग असायची.

बाहेरनं शेठचा फोन वाजायला लागला. लिलाव सुरू झाला व्हता.

घाबरलेल्या मानसाला काय सुचंल सांगता येत नाय. ललितनं वायर परत खोचली, चपला काढल्या आन् खोक्यापुढं हात जोडले. काठावर जोडतात तसेच.

"स्वराज... साइटवर तुझं नाव लावीन."

आकडा जरा खाली उतरला. थबकला. परत वर गेला.

"तुझ्या आईला दर सनाला भेटीन."

परत तसंच. खाली आला, मान वाकडी केल्यावानी थांबला, परत फिरला. त्याला वाटलं, आत्ता बी हाच जिंकनार. मेलेला मानूस आपली खुर्ची खानार. आन् त्या जळफळाटात तो बोलून गेला,

"मंग माझं जे काय तुला आवडत असंल ते घे. पन ही खुर्ची मला दे."

पंखा थांबला. कुजबुजसुदिक नाय. आकडा पार तळाला गेला, आन् त्यानंतर समदा जिल्हा साइटवर चढला तरी तिथंच पडून ऱ्हायला.

दिवस मावळताना शेठनी सगळ्यांदेखत ललितच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, स्वराजला जमलं नसतं असं केलंस," म्हनाले, आन् सोता खुर्ची वढून दिली. ललित बसला. इतक्या वर्षांत असं गार वाटलं नव्हतं त्याला. जरा येळ तो नुसताच गोल गोल फिरला. मंग ही बातमी बायकोला सांगावी म्हनून त्यानं घरी फोन लावला.

"हॅलो," चैताली म्हनाली.

"मी बोलतोय. ऐक, आज..."

"कोण?"

"मी गं. ललित."

 ती आवाज बारीक करून म्हनाली, "भाऊ, चेष्टा करता का? ह्यांचा फोन हापिसात राहिला वाटतं. हे तर मघाशीच आलेत. जेवताहेत."

ललितला खुर्चीतनं उठता येईना. "चैताली... त्याच्याकडं नीट बघ..."

"बघतेय की," ती म्हनाली, आन् हसली. लग्न झाल्यापासनं ललितनं तिचं असलं हसनं ऐकलं नव्हतं. "आज पहिल्यांदा भाजीला चांगली म्हणाले."

मागनं ताटावर वाटी वाजली. कोनीतरी इचारलं, कोनाचा फोन हाय? आवाज ललितचाच व्हता. घास तोंडात घेऊन बोलतो तसा, सावकाश.

"कोण की," चैताली म्हनाली. "तुमचंच नाव सांगतोय."

"ठेव गं," ललितचा आवाज म्हनाला. "आसंल कोनीतरी. जळत आसंल आपल्यावर."