तीन टिंबांच्या पुढे

विश्वास ठेवा नाहीतर हसा, पण यात मी पदरचं काहीच घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी, भरदुपारी घडलेलं आहे हे.

ताई शाळेच्या बससाठी ॲप बनवत होती. घरात ती एकटीच. तिची लेक, आमची ठकू, शाळेत.

ताईने लिहिलेल्या फंक्शनला, म्हणजे कोडच्या एका तुकड्याला, एका मुलाचा ऑब्जेक्ट द्यायचा. म्हणजे त्या मुलाची सगळी माहिती एका गाठोड्यात. फंक्शन दारातच ते गाठोडं उलगडायचं, नाव आणि स्टॉप काढून घ्यायचं. उरलंसुरलं कोडमध्ये लिहिलेल्या तीन टिंबांच्या पुढे जमा व्हायचं. त्याला ताईने नाव दिलं होतं, 'बाकी'.

चाचणीसाठी तिने ठकूचंच गाठोडं दिलं. आत दोनच गोष्टी. नाव आणि स्टॉप.

म्हणजे 'बाकी' रिकामं यायला हवं.

स्क्रीनवर आलं...

उतरणार: नाही.

हे तिने लिहिलंच नव्हतं. सगळा कोड पालथा घातला. कुठेच नाही.

पुन्हा चालवलं...

उतरणार: नाही.

तिने घाईघाईने 'बाकी'मधून ते खोडलं. 'बाकी' रिकामं झालं. चपला पायात सरकवून ती स्टॉपकडे धावली.

बस आली. दार उघडलं...

ठकू उतरली. शर्टावर शाईचा डाग, नेहमीसारखाच.

"आलीस गं बाई," म्हणत ताई रस्त्यातच रडायला लागली.

ठकू काहीच बोलली नाही. एरवी तिच्या तोंडाला कुलूप लावावं लागायचं.

संध्याकाळी ताईने मला फोनवर सगळं सांगितलं. स्वतःलाच हसत होती. मीही याच कामातला, सहज बोलून गेलो.

"पण ताई, 'बाकी' म्हणजे वेगळं, नवं गाठोडं. तू त्यातून खोडलंस. मूळ गाठोड्यात ते तसंच असणार ना?"

पलीकडे लॅपटॉप उघडल्याचा आवाज...

मग कीबोर्डची टकटक.

"आहे रे," ती पुटपुटली. "मूळ गाठोड्यात अजून आहे."

तेवढ्यात मागून ठकूचा आवाज आला.

"आई, आपला स्टॉप कधी येणार?"

ताईने मूळ गाठोड्यातूनही ते कितीदा तरी खोडलं. दर वेळी परत येतं.

ठकू आता कॉलेजात आहे. हुशार आहे, सगळं ठीक आहे. फक्त जेवताना मध्येच टेबलाची कड घट्ट धरते. कुणीतरी जोरात ब्रेक मारल्यासारखी पुढे झुकते. मग पुन्हा जेवायला लागते.

आणि ताई अजून रोज दुपारी त्या स्टॉपवर जाऊन उभी राहते...

ठकू घरात असली तरी.