उन्हात वाळवलेला फोटो

जळोचीच्या शिवेजवळ गाडीवान बिरूच्या बैलगाडीची लोखंडी धाव चाकावरून निसटली आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी इंदापूरला निघालेला सोपान रस्त्यावर उभा राहिला. गळ्यात चामड्याची पेटी, चेहऱ्यावर वैताग. शेजारच्या पेरूच्या बागेतून एक मुलगी त्याच्याकडे बघत होती. पुरेसं बघून झाल्यावर तिनं टोपली खाली ठेवली.

"पेटीत काय हाय?"

"कॅमेरा."

"पळून जातो व्हय? धरलाय कसा उराशी…"

सोपानला हसू आलं. पुण्यातल्या एका फोटो स्टुडिओत तो काम शिकत होता. कॅमेरा मालकाचा, आईचा एकदा फोटो काढायचा म्हणून त्यानं तो मिनतवारीनं मागून आणला होता. एवढं सगळं त्यानं तिला का सांगितलं, देव जाणे. तिनं मात्र ऐकून घेतलं आणि एक पेरू त्याच्या हातावर ठेवला.

तिचं नाव कौसल्या. आई गेल्यापासून घर आणि निम्मी बाग तीच बघायची. तिचे वडील आबाजी आले, त्यांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग आजोळ.

"म्हंजे आपल्यातलंच की, पाव्हणं. धाव बसायला उद्या उजाडंल. ऱ्हावा हितंच."

मग त्यांची नजर पेटीवर गेली आणि चेहरा उजळला.

"बरं झालं बघा. सोलापूरच्या स्थळाला हिचा फोटो पायजे. पसंत पडला की लगेच सुपारी फोडू म्हणत्यात. पेठेत दुकान हाय. न्हाय म्हणण्यासारखं काय न्हाय."

कौसल्येनं खाली ठेवलेली टोपली उचलली. सोपानला हातातला पेरू एकाएकी तुरट लागू लागला.

कॅमेऱ्यात नवा रोल घालायचा होता आणि ऊन तर मी म्हणत होतं. सोपाननं घोंगडं मागून घेतलं, डोक्यावरून ओढलं आणि आत चाचपडू लागला.

"आत काय चाललंय?" बाहेरून आवाज आला. अगदी कानाशी.

"रोल घालतोय. ह्याला ऊन दाखवायचं नसतं. जरा लागलं की सगळं गेलं."

"नव्या नवरीपरीस नाजूक दिसतंय."

पेरूच्या झाडाला टेकून ती उभी राहिली. कॅमेऱ्यावरच्या इवल्या काचेत सगळं उलट दिसत होतं. तिची डावी चमकी उजवीकडे लुकलुकत होती.

"हसा थोडं."

"आबा म्हणत्यात, हसू नगं."

"आबा पाठमोरे आहेत."

ती हसली… कळ दाबली गेली, आणि आपला सोपान कामातून गेला. वर फोटो असा झकास येणार होता, की सोलापूरकरांना नाही म्हणायची सोयच नव्हती. स्वतःच्या हातानं त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बिरूबरोबर चाक आणायला बारामतीला लोहाराकडे गेला. पेटी त्यानं पेरूच्या फांदीला अडकवली आणि कौसल्येला लक्ष ठेवायला सांगितलं. परत येऊन बघतो तर कॅमेरा ओट्यावर उघडा पडलेला, पाणी ठिबकतंय. अंगणात लाल मिरच्या वाळत होत्या, आणि त्यांच्या शेजारी, काळ्या कागदातून सोडवलेला रोल.

"गोऱ्ह्यानं फांदीला अंग घासलं, पेटी गेली पाटात," आबाजी ओशाळून सांगू लागले. "पोरीनं उडी टाकून काढली. भिजलं म्हणून वाळत घातलं बिचारीनं. आमाला तेवढंच ठावं."

ओला रोल तसाच अंधारात ठेवला असता, तर पुण्यात धुता आला असता. आता त्यावर काही म्हणता काही उरलं नव्हतं. कळही अडकली होती. मालक फाडून खाणार होता, आईचा फोटो राहिला होता, आणि तरी सोपानला आतून आनंद होत होता. त्याची त्यालाच लाज वाटली.

आबाजी चाक बघायला रस्त्याकडे गेले. कौसल्या मिरच्या उलथायला आली.

"रागावलात?"

"नाही. तुला कुठं ठाऊक होतं…"

"ठाऊक व्हतं."

सोपान तिच्यासमोर उकिडवा बसला.

"घोंगड्याखालनं तुमीच सांगितलं न्हवं? ऊन लागलं की सगळं गेलं." ती मान खाली घालून मिरच्या उलथत होती. "पाटात पडली ती खरंच पडली. पर उन्हात घातला त्यो मी. नीट उलगडून, वर दगड ठिवून."

"का?"

"आबांनी सोलापूर म्हटलं, तवा व्हय म्हटलं व्हतं. काय वाटत न्हवतं त्याचं. मग काल तुमची गाडी आडली…"

सोपाननं ओट्यावरचा कॅमेरा उचलला. "पुण्याला जाऊन कॅमेरा दुरुस्त करतो. पुन्हा येतो. पण मग फोटो… कुठं पाठवायचा?"

"इंदापूर लांब हाय?"

"बैलगाडीनं दिवसभराची वाट."

"मग एवढ्या जवळ फोटो कशाला धाडायचा? आईंनाच घेऊन या. आबांशी त्या बोलतील." आता तिनं मान वर केली. "त्यांचा फोटो ऱ्हायलाय न्हवं? हितंच काढा, ह्याच झाडाखाली. मी शेजारी उभी ऱ्हाईन… हसून."