डाव्या हाताचं चित्र

कलिंगडाच्या फोडी संपवा, पाय रजईखाली घ्या आणि ऐका. आज वर्षातली सगळ्यात लांब रात्र, घाई कुणालाच नाही. ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नव्हे. फरामर्ज गुलरीझी इस्फहानच्या कारखान्यात वीस वर्षं माझ्या शेजारी मांडी घालून बसायचा. जुन्या चित्रांची डागडुजी करावी ती त्यानंच. कसर लागलेला घोडा तो असा भरून काढायचा, की घोड्यालासुद्धा कळू नये आपला कुठला पाय जुना आणि कुठला नवा.

तर एका वर्षी उन्हाळा सरताना तो नतंझ गावी एक चित्र आणायला गेला. तिथं तूबाखानम नावाची म्हातारी नाशपातीच्या बागेत एकटीच राहायची. तिच्या घरात पिढ्यानपिढ्या जपलेलं एक चित्र होतं. बागेत बसलेला शहजादा, भोवती दरबारी, कडेला एक पांढरी घोडी. भिंतीच्या ओलीनं वरचं आभाळ डागाळलं होतं, तेवढंच साफ करायचं होतं. म्हातारीनं त्याला नाशपाती कापून दिल्या, चहा दिला आणि भिंग हातात देऊन घोडीच्या खुराखाली बघायला सांगितलं. तिथं तिळाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘नाचीज सिराज’, म्हणजे पामर सिराज.

सिराज तिचा पूर्वज. शाहाच्या चित्रशाळेत एकेका चित्राला चार-पाच हात लागायचे. कुणी रेघ काढायचा, कुणी रंग भरायचा, कुणी सोनं लावायचा. सिराजकडे चेहरे असायचे. नाव मात्र एकट्या बड्या उस्तादाचं पडायचं. एकदा सिराजनं भर चित्रशाळेत विचारलं, माझं नाव कुठं आहे? बड्या उस्तादानं शाहाचे कान भरले आणि सिराजच्या उजव्या हाताची बोटं मोडवली. सिराज गावी परतला. डाव्या हातानं कुंचला धरायला त्याला नऊ वर्षं लागली. मग रेघेपासून सोन्यापर्यंत सगळं एकट्यानं करून त्यानं हे एक चित्र पुरं केलं, नाव घातलं आणि डोळे मिटले.

“आभाळ धू, बाग धू,” तूबाखानम म्हणाली, “त्या नावाला पाणी लावू नकोस.”

फरामर्जनं रीतीप्रमाणे डोळ्यांवर हात ठेवून कबूल केलं. तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं, हेही सांगायला हवं.

मन फिरलं ते परदेशातलं एक गिऱ्हाईक कारखान्यात आल्यावर. त्यानं चित्र पाहिलं, भिंग लावलं आणि तोंड वाकडं केलं. सिराज कोण? कुणी ऐकलंय त्याचं नाव? तिथं बड्या उस्तादाचं नाव असतं तर मागाल ते दिलं असतं, म्हणाला. फरामर्ज त्या रात्री झोपला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जुना कागद काढला, चहाच्या पाण्यात बुडवला आणि दोन महिने खपून हुबेहूब नक्कल केली. नक्कल म्हातारीला द्यायची, अस्सल ठेवून घ्यायचं आणि नाव बदलून गिऱ्हाइकाला विकायचं.

हिवाळ्याच्या तोंडावर, आबान महिन्याची सत्तावीस, बुधवार. दुपारी तो नक्कल घेऊन नतंझला गेला. तूबाखानमनं ती खिडकीशी धरली. खुराखालच्या नावावरून बोट फिरवलं.

“माझ्या घरचं माणूस मी ओळखणार नाही का रे?”

“चष्म्याचा नंबर वाढलाय खानम तुमचा,” तो हसत म्हणाला.

“वाढला असेल. मी कोर्टात जाणार नाही, बाबा. आज रात्री फक्त त्याला सांगेन, तुझं चित्र कुणाकडे आहे ते.”

हे त्यानं मला संध्याकाळी स्वतःच सांगितलं, थट्टेवारी. मी त्याच्या माडीवर बसलो होतो. त्यानं चहा ओतला, साखरेचा खडा पुढं केला. मी म्हटलं, फरामर्ज, सिराजचं नाव राहू दे, तू घालणार आहेस ते त्याची बोटं मोडणाऱ्याचं नाव आहे. तो म्हणाला, “झबीहकाका, मेलेल्या माणसाला नावाचं काय करायचंय?” मी चहा तसाच टाकून उठलो. पुढचं जे आहे ते त्याच्या तोंडचं.

पावणेबाराला त्यानं पातं घेतलं. सिराजचं नाव खरवडलं. जागा घोटून गुळगुळीत केली आणि बड्या उस्तादाचं नाव लिहिलं. मान मागं टाकून डोळे मिटले. उघडले, भिंग लावलं.

नाचीज सिराज.

शाई ओली होती.

थकलोय, त्याला वाटलं. हातालाच सवय झालीय दोन महिने तेच नाव गिरवून. त्यानं पुन्हा खरवडलं. या वेळी एकेक अक्षर तोंडानं म्हणत लिहिलं. बडा उस्ताद. भिंग लावलं.

नाचीज सिराज.

तिसऱ्यांदा खरवडताना आवाज आला. शेजारच्या खोलीतून. अकीकाच्या घोट्यानं, त्या गुळगुळीत दगडानं, कुणी कागद घोटत होतं. सावकाश. पुढं… मागं… पुढं… शेजारची खोली कुलूपबंद होती. फरामर्जचा हात थांबला. घोटा थांबला. त्यानं लिहिलं. भिंगाखाली पाहिलं. तेच नाव.

त्याला राग आला. भीती वाटली नाही, राग आला, असं तो म्हणायचा. त्यानं पातं उचललं आणि चौथ्यांदा नाव खरवडलं.

समोर कुणीतरी बसलं होतं.

मांडी घालून. डाव्या हातात कुंचला. उजवा हात मांडीवर, मेलेल्या पाखरासारखा. फरामर्जनं वर पाहिलं. चेहरा होता. नाकाची रेघ होती, भुवयांची रेघ होती. आत काही नव्हतं. कोरा कागद. चेहरा रंगवायचा राहिला होता.

“उस्ताद…” फरामर्ज म्हणाला.

त्यानं पातं खाली ठेवलं.

“उस्ताद, मी नाव परत घालतो. आत्ता घालतो.”

कुंचला खाली ठेवला गेला. डावा हात पुढं आला. गुरू शिष्याचा हात धरतो तसा त्यानं फरामर्जचा उजवा हात धरला. तो हात गार नव्हता. कोमट होता. माणसाचा होता. फरामर्जनं सोडवायला पाहिलं.

करंगळी.

त्याला ओरडता आलं नाही.

मग तिच्या शेजारचं बोट.

मग मधलं… घाई नव्हती. एकेका बोटानंतर तो थांबत होता. आवाज ऐकत होता.

मग चौथं.

चार वेळा नाव पुसलं होतं.

सकाळी कारखान्यात तो आला नाही म्हणून मी माडी गाठली. आतून कडी. दोघांना बोलावून दार फोडलं. फरामर्ज बैठकीवर ताठ बसला होता, डोळे उघडे, श्वास चालू, उजवा हात मांडीवर. बोटं आत वळलेली. पुढ्यात चित्र. आभाळ स्वच्छ, बाग स्वच्छ, खुराखाली सिराजचं नाव. तिथला कागद खरवडलेला दिसत नव्हता.

त्याला दवाखान्यात सोडून मी चित्र घेतलं आणि तडक नतंझ गाठलं. तूबाखानम दारातच उभी होती. चित्र हातात घेतलं, नाव पाहिलं, डोळ्यांना लावलं. मग एवढंच विचारलं, “कुठला हात?”

“उजवा.”

“एकच?”

“एकच.”

तिला कमी वाटलं, हे मला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मग म्हणाली, “बरं. ये, नाशपाती खा.” मी खाल्ली नाही.

संध्याकाळी दवाखान्यात परतलो तेव्हा डॉक्टर माझीच वाट पाहत होते. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. मला विचारलं, हा माणूस लहानपणी कुठून पडला होता का? मी म्हटलं, काल संध्याकाळी याच हातानं त्यानं मला चहा ओतून दिलाय. डॉक्टरांनी एक्स-रेवरच्या हाडांवर बोट ठेवलं.

“शक्य नाही,” ते म्हणाले. “ही हाडं काल मोडलेली नाहीत. मोडून, वाकडी जुळून, जुनी झालीत. निदान चाळीस-पन्नास वर्षं.”

फरामर्ज तेव्हा अडतीस वर्षांचा होता.

एक्स-रे माझ्याकडे आहे, त्या कपाटात. आत्ता नको. सकाळी, उजेडात बघा.